आश्रयास आलेलीस परत धाडू नका

शास्त्रपाठ : अनुवाद २३:१५, १६

मोशेच्या नियमशास्त्रातील ही आज्ञा विलक्षण आहे. धन्यापासून सुटून जो दास आश्रयास येईल, त्याला धन्याच्या स्वाधीन करू नये. त्याला रुचेल तेथे राहू द्यावे व त्याला जाचू नये. बाबेलच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात पळालेल्या दासाला लपविणाऱ्यास देहांत शिक्षा होती. देवाने मात्र भ्यालेल्याचा पक्ष घेतला.

भिवंडीत यंत्रमागांवर पोट भरावयास उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून कुटुंबे येतात. त्यांतील एखादी स्त्री नवऱ्याचा मार खाऊन रात्री आपल्या दारी आली, तर तिचे माहेर शेकडो कोस दूर, मराठी तिला येत नाही, हाती पैसा नाही. अशा वेळी पुष्कळ जण म्हणतात, “बाई, नवऱ्याच्या घरी परत जा.” कोणी हागारेचा दाखला देतात. परंतु हागारेला परत जा म्हणणाऱ्याने तिला वचनही दिले व ते पाळले. तसे वचन देण्याचे सामर्थ्य आपणांस नाही. शिवाय उत्पत्ति २१ मध्ये ती रानात रडत असता देवाने तिला परत धाडले नाही, तर विहीर दाखविली.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले, व पुढे केडगावी मुक्तिसदन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील निराधार स्त्रियांस व मुलींस जवळ केले. प्रांत परका म्हणून कोणास दूर लोटले नाही.

आज सरकारचा कायदाही विहिरीसारखा आहे; तो दाखविणारा पाहिजे. सन २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा घरात छळ सोसणाऱ्या स्त्रीची जात, धर्म किंवा जन्मस्थान विचारीत नाही. ती तात्पुरती राहत असेल तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. त्यासाठी मुलखी जावे लागत नाही. शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्यास खबर द्यावी. सद्भावाने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर दावा चालत नाही.

म्हणून तिला आधी पाणी व अन्न द्या. मंडळीतील एखादी समंजस भगिनी तिच्याजवळ बसो. जखम असल्यास दवाखान्यात न्या. तिची इच्छा काय हे तिलाच विचारा. ती कोठे आहे हे नवऱ्यास कळवू नका. महिलांसाठी १८१ व तातडीच्या वेळी ११२ हे दूरध्वनी क्रमांक तिला सांगा. समेट चांगला खरा, पण पश्चात्तापावाचून समेट म्हणजे तिला पुन्हा माराच्या हवाली करणे होय.

ज्या प्रभूला बाळपणी हेरोदाच्या भयाने मिसर देशी आश्रय घ्यावा लागला, तो आपली दारे उघडी ठेवो. आमेन.