उत्तीर्ण म्हणजे कशात उत्तीर्ण?

एमबीबीएसच्या विद्यापीठ परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के गुण मिळवायचे, विषयाला दोन पेपर असतील तर प्रत्येकात किमान ४० आणि दोन्ही मिळून ५०, ही अट २०१९च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात होती. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने दोन पेपरांच्या विषयांत ती ४० टक्क्यांवर आणली आणि थोड्याच अवधीत निर्णय मागे घेतला. १९९७च्या नियमावलीनुसार इतर सगळ्या विषयांत पास होऊन एकातच अडकलेल्याला विद्यापीठ ५ गुणांपर्यंत सवलत देऊ शकत असे. २०२३च्या नियमावलीने ती बंद केली. पहिल्या वर्षाची परीक्षा फार तर चार वेळा देता येते. कोविडकाळात शिकलेल्या २०२०-२१च्या तुकडीला एकदाच पाचवी संधी मिळाली. या प्रत्येक फेरबदलावर विद्यार्थी, पालक आणि महाविद्यालये बोलली. रुग्णाचे मत कोणी विचारले नाही. तशी सोयही नाही.

गुणांच्या बेरजेत एक ठिकाणची उणीव दुसरीकडच्या अधिकाने भरून निघते. इतिहास-भूगोलात त्याने फारसे बिघडत नाही. वैद्यकात बिघडते. उदाहरणार्थ, सिद्धगडाच्या पायथ्याला, मुरबाड-शहापूरच्या कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी पाड्यांवर, पावसाळ्यात सर्पदंश ही नेहमीची आपत्ती आहे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. जखम दुखत नाही, सुजत नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात. घोणस आणि फुरसे चावले तर रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे असते. प्रतिविष दिल्यावर तीव्र प्रतिक्रिया आली, तर हाताशी अ‍ॅड्रेनॅलिन भरलेले हवे. एवढे सगळे मिळून प्रश्नपत्रिकेत एखादे टिपण. ते सोडून देणारा विद्यार्थी बाकीच्या उत्तरांवर ६५ टक्के मिळवू शकतो, आणि गुणपत्रिकेत त्या रिकाम्या जागेची खूणही उरत नाही.

क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने यावर उतारा काढला आहे. काही कौशल्यांना गुण नाहीत. ती ठरलेल्या संख्येने करून दाखवली तरच प्रमाणित होतात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदवहीत प्रयत्न पहिला, पुन्हा केलेला की उपचारात्मक (म्हणजे उणीव शिकवून भरल्यानंतरचा), हे लिहायचे असते. कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकी की जास्त, हेही लिहायचे. मग ‘पूर्ण’, ‘पुन्हा करा’ किंवा ‘उपचारात्मक’ असा शिक्षकाचा निर्णय आणि दोघांच्या सह्या. म्हणजे तुटलेला टाका आणि चुकलेली शीर यांची भरपाई शरीररचनेच्या पेपरातून होत नाही. कागदावर ही व्यवस्था गुणपत्रिकेपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. परीक्षा तोंडावर आल्यावर एका बैठकीत सगळ्या सह्या उरकल्या, की मात्र तिच्यात आणि जुन्या जर्नलमध्ये फरक राहत नाही.

उपचारात्मक अध्यापनाचा पहिला प्रश्न निदानाचा आहे. आश्रमशाळेतून किंवा मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या चाचणीत मागे पडतो तो बरेचदा इंग्रजी पाठ्यपुस्तकापाशी. हाड हातात दिले तर तो बरोबर सांगतो. दुसरा वर्गातच येत नाही. तिसऱ्याची झोप उडालेली असते, आणि त्याला गुणांपेक्षा मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. तिघांनाही एकाच खोलीत बसवून तीच व्याख्याने पुन्हा ऐकवणे म्हणजे ताप, खोकला आणि मोडलेला हात यांना एकच गोळी. उणीव नेमकी कोणती हे लिहून देणे, तेवढेच शिकवणे आणि पुन्हा तपासताना शक्यतो दुसरा परीक्षक बसवणे, हे वेळखाऊ आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतील तिथे जवळजवळ अशक्य. तरी ‘मागे पडलेल्यांची यादी’ फलकावर लावायला वेळ मिळतो, हेही खरे.

त्याहून अवघड बाब शिक्षकाच्या मनातली. पाच वर्षे ओळखीच्या झालेल्या मुलाला नापास करणे जड जाते. घरची परिस्थिती माहीत असते, कर्जही माहीत असते. तेव्हा दिलेली सूट दयेसारखी वाटते. पण तिची किंमत देणारा समोर नसतो, त्याची संमतीही नसते. विद्यार्थ्यावर दया करायचीच, तर ती वेळ देऊन, फी न वाढवता, अपमान न करता करता येते. मोजमाप सैल करून केलेली दया दुसऱ्याच्या खिशातून दिलेली असते.

आणि तो दुसरा कोण, हे महाराष्ट्रात बऱ्यापैकी ठरलेले आहे. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, आणि नवा डॉक्टर पुष्कळदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात त्याची चूक निवासी डॉक्टर, परिचारिका, व्याख्याते यांच्यापैकी कोणीतरी अडवते. मुरबाड तालुक्यातल्या केंद्रात रात्री दोन वाजता तो आणि परिचारिका एवढेच. पुढे मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे उल्हासनगर नाहीतर कळवा. आणि मण्यारीच्या विषाला तेवढा रस्ता परवडत नाही. अनुभव सर्वांत कमी आणि आधारही सर्वांत कमी, असा योग या व्यवस्थेने गरिबाच्याच वाट्याला आणला आहे. म्हणून ५० की ४० हा वाद शहरापेक्षा पाड्यावर जास्त महागात पडतो.

उणीव पकडण्याची शेवटची जागा म्हणजे या सेवेआधीची बारा महिन्यांची आंतरवासिता. एखाद्या विभागातले काम समाधानकारक नसेल, तर तिथला कालावधी पुन्हा करायला लावता येतो. हा अधिकार महाविद्यालयाकडे असतो. पण आंतरवासी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात बुडालेला असतो आणि विभागाला त्याच्या हातांची गरज असते, त्यामुळे तो अधिकार वापरायची कोणालाच घाई नसते. त्यानंतर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कायम नोंदणी होते, आणि टाके घालता येतात का हे पुन्हा कोणी तपासत नाही.