डब्यावरचा चेहरा

कॅम्पातल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात गल्ल्यापाशी एक पत्र्याचा डबा असे. त्यावर दुभंगलेल्या ओठाच्या एका मुलाचा फोटो, खाली मराठीत आणि कानडीत मदतीची विनंती. आई चार घरची धुणीभांडी करणारी. उरलेली नाणी आम्ही त्यात टाकत असू. पुढे शस्त्रक्रिया झाली, ओठ सांधला. डबा तिथेच राहिला, फोटोसकट. एके सायंकाळी तोच मुलगा पावकिलो साखर न्यायला आला. त्याने फोटो पाहिला, हलकेच डबा भिंतीकडे फिरवला आणि पुडी घेऊन गेला.

मदतीसाठी मुलाचा चेहरा वापरण्याचा हक्क कुणाचा? आईबापांचा, असे आपण चटकन म्हणू. पण नडलेल्या माणसाच्या होकाराला होकार म्हणावे का? आणि फोटो नसता तर मी तरी नाणे टाकले असते का? मला शंका आहे.

पूर्वी मुष्टिफंड असे. रोजच्या दळणातले मूठभर धान्य घरोघरी बाजूला पडे आणि त्यावर शाळा चालत. पणजीच्या १९०८ सालच्या संस्थेच्या नावातच ती मूठ आहे. त्या मुठीतून कोण शिकणार, त्याचे तोंड कुणी आधी पाहून घेत नसे. आता वर्गणी मोबाइलवर मागतात. २०२१ साली महाराष्ट्रात तान्ह्या मुलांच्या १६ कोटींच्या इंजेक्शनासाठी लोकांनी भरभरून दिले, ते पाहून ऊर भरून आला. पण तिथला फोटो कोण भिंतीकडे फिरवणार?

खरी बोच वेगळीच आहे. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया फुकट करवून देणारी स्माइल ट्रेन संस्था १९९९ पासून आहे. जन्मजात व्यंगे हुडकणारा सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासूनचा. आपल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना देण्यावरून २०२३ साली दोन सरकारे भांडली, तेही आम्ही चवीने वाचले. हा ओठ एरवी वर्षाच्या आत शिवतात. हे पोर पाच वर्षांचे होईतो त्याच्या आईला कुणी काही सांगितले नाही. आम्ही शिकलेली माणसे. चौकशी करण्यापेक्षा नाणे टाकणे सोपे होते. शेवटी शस्त्रक्रिया फुकटच झाली. डब्यातले पैसे गेले बसभाड्यात, खाणावळीत आणि आईच्या बुडालेल्या कामाच्या भरपाईत.

मी दुकानदाराशी बोललो. त्याने फोटो खरवडून काढला. आता डब्यावर दोन्ही भाषांत एवढेच लिहिले आहे : दवाखान्याच्या वाटखर्चासाठी. नाणी पूर्वीपेक्षा कमी पडतात, असे तो म्हणतो.