दोन जीबीचं रडगाणं

"सर, फाइलच खराब आहे." आज तिसऱ्यांदा ऐकतोय. उघडून बघितलीस? नाही. मग खराब कशावरून? नाचता येईना आणि अंगण वाकडं!

सुताच्या कारखान्यातल्या मीटरच्या नोंदी, सहा जीबी. वीस एमबीच्या नमुन्यावर प्रोग्राम चालला, तर पेढे वाटत फिरलास. खरी फाइल दिली आणि सेगमेंटेशन फॉल्ट. का? एफओपननं नल परत दिला, तो तू तसाच एफरीडच्या हातात ठेवलास. एक इफ लिहायला काय हात दुखतात? पेरर लिहिलं असतंस तर त्या जुन्या 32 बिटांच्या मशीननंच कबुली दिली असती: 'व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप'. मशीन सांगायला तयार होतं. तू विचारलंच नाहीस.

2147483647. पहिल्याच वर्षी हा आकडा मी तुलाच उठवून फळ्यावर लिहायला लावला होता. चिन्हासकट 32 बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. फाइलमधली जागा त्यातच मोजायची, मग त्यापुढचा बाइट कुठे ठेवणार, खिशात? यावरचा तोडगा लार्ज फाइल समिटनं 1996 सालीच ठरवला, तेव्हा तुझा जन्मही नव्हता. सगळ्या इन्क्लूडच्या वर एकच ओळ: फाइल-ऑफसेट-बिट्स 64 डिफाइन कर. लाँगच्या जागी ऑफ-टी, एफसीकच्या जागी एफसीको, एफटेलच्या जागी एफटेलो. हे सगळं वहीत आहे तुझ्या. तुझ्याच वळणदार अक्षरात.

तर म्हणे, "घरी विंडोजचा लॅपटॉप आहे, 64 बिटांचा, तिथे चालवतो." चालव! तिथे लाँग अजून 32 बिटांचाच आहे. पळून पळून पळशील कुठे?

आणि हे मॅलॉक कोणाच्या सल्ल्यानं? अख्खी फाइल एका घासात? त्या मशीनवर साइझ-टीही 32 बिटांचा. नेमके सहा जीबी मागितलेस तर वरचे बिट गळतात आणि मागणी पोचते दोनच जीबीची. त्यावर तोंड वर करून "रॅम वाढवून द्या"! अरे, 32 बिटांच्या प्रोग्रामला पत्तेच मुळात चार जीबीचे. रॅम कितीही कोंब, घरांना नंबरच नाहीत तर पोस्टमन जाणार कुठे? मधुबन धरणाचे दरवाजे तू शंभरदा बघितले असशील. सगळं पाणी एकदम सोडतं का कोणी? चौसष्ट केबीचा बफर घे. एफरीडनं भर. किती बाइट आले ते तोच सांगतो, तेवढेच वापर, पुन्हा भर. फाइल सहा जीबीची असो की साठ, बफर तेवढाच. आणि ते व्हाइल-नॉट-एफईओएफ पुन्हा दिसलं तर याद राख. शेवटची ओळ दोनदा मोजून कारखान्याला वीजबिल चुकीचं दाखवणार आहेस का?

मठ्ठ असतास तर एवढं बोललो नसतो. गेल्या वर्षी लिंक्ड लिस्टमधली माझी चूक भर वर्गात तूच पकडली होतीस. दुसऱ्याची चूक दिसते तुला, स्वतःची आली की फाइल खराब, रॅम कमी, मशीन जुनं.

घरी, रांध्याला परतायची घाई आहे म्हणू नकोस. वेळ आहे अजून. बस इथे, आणि पहिली ओळ माझ्यासमोर लिही.