मस्टरवर नसलेली माणसे

आणीबाणीत, १९७६ साली, औद्योगिक विवाद कायद्यात ‘पाच-ब’ हे प्रकरण घातले गेले. ज्या कारखान्यात ३०० किंवा अधिक कामगार आहेत, त्याला ले-ऑफ, कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागेल, असे त्यात म्हटले होते. १९८२ च्या दुरुस्तीने हा आकडा १०० वर आणला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तो पुन्हा ३०० केला, आणि सरकारला वाटल्यास अधिसूचना काढून तो आणखी वाढवण्याची मुभाही ठेवली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ही संहिता लागू झाली. कामगारांचे हक्क आणि उद्योगांच्या गरजा यांचा मेळ घालण्याची आपली संसदीय चर्चा पन्नास वर्षे अशी एका आकड्याभोवती फिरत राहिली. एक बाजू शंभरवर अडून बसते, दुसरी तीनशेवर. औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला मात्र साधा प्रश्न पडतो : मोजणार कोणाला?

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्यामागून सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांची रांग लागली. आज पाळी सुटण्याच्या वेळी बजाजनगर किंवा रांजणगाव शेणपुंजीच्या रस्त्यावर उभे राहिले, तर एकाच गेटमधून दोन प्रकारची माणसे बाहेर पडताना दिसतात. एक ‘परमनंट’, दुसरा ‘ठेकेदाराचा’. दोघे एकाच लाइनवर उभे असतात, काम तेच, सुपरवायझर तोच. पण पहिल्याच्या पगारावर गृहकर्ज मिळते. दुसऱ्याला काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि मग नव्या ओळखपत्रावर तो पुन्हा त्याच मशीनवर येतो. पहिला कंपनीच्या मस्टरवर आहे, दुसरा ठेकेदाराच्या. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. तो २० कामगारांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने ही मर्यादा ५० वर नेली आणि सुरक्षाविषयक नव्या संहितेनेही ५० च ठेवली. एकोणपन्नास माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवान्याची गरज नाही.

आता दुसरी बाजू. तीस-पस्तीस माणसांचे वर्कशॉप चालवणारा व्हेंडर शंभर-तीनशेच्या वादात येतच नाही. त्याची डोकेदुखी निराळी आहे. त्याचे गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच. महिन्याच्या सुरुवातीला आलेले शेड्यूल पंधरा तारखेला बदलते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, हे २००६ च्या कायद्यात लिहिले आहे; तरी मोठ्या गिऱ्हाइकाकडे कायद्याचे पुस्तक घेऊन कोण जाणार? गेला तर पुढची ऑर्डर शेजारच्या प्लॉटवर. पगाराची सात तारीख मात्र टळत नाही. या माणसाला कामगारांचा शत्रू म्हणणे सोपे आहे, पण साखळीत त्याची जागा त्याच्या हेल्परपेक्षा फार वर नाही. मोठ्या कंपनीने झटकलेली जोखीम तो खाली ढकलतो. खाली ढकलायला ज्याच्याजवळ कोणी नाही, तो ठेकेदाराचा माणूस.

परवानगीच्या कलमाने ज्यांना वाचवायचे होते, त्यांना तरी ते पुरले का? पैठण रस्त्यावरच्या चितेगावातील व्हिडिओकॉन आठवावे. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचा पहिला रंगीत टीव्ही आणि पहिली पक्की नोकरी या एकाच नावाने आली. कर्जात बुडालेली ही कंपनी २०१८ साली दिवाळखोरी संहितेखाली न्यायाधिकरणापुढे गेली. तिथे कपातीच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता कोणत्या बँकेला किती मिळणार. कंपनी अवसायनात निघाली तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने धरावी, अशी तरतूद संसदेने केलेली आहे. पण देण्याघेण्याचा निकाल लागेपर्यंत वर्षे जातात, आणि चूल रोज पेटवावी लागते. बंद करायला परवानगी नाकारण्याचा अधिकार सरकारकडे असला, तरी मेलेला कारखाना त्याने चालू होत नाही.

सर्वांत तळाशी काय आहे, ते ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे दिसले. वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे तयार करणाऱ्या कारखान्याला आग लागली. बिहारमधून आलेले कामगार कामाच्याच जागी झोपलेले होते. सहा जण दगावले. कारखाना हेच ज्यांचे घर आहे, त्यांच्यासाठी पाळी कधी संपत नाही आणि सुरक्षेचा प्रश्न रात्रीही सुटत नाही. आणि इथेही आकडा आडवा येतोच. वीज वापरणाऱ्या जागेत पूर्वी १० कामगार असले की तो ‘कारखाना’ ठरत असे. सुरक्षाविषयक संहितेने ही मर्यादा २० केली, विजेविना चालणाऱ्यांसाठी २० ची ४०. छोट्या उद्योजकाच्या मागचा कागदांचा ससेमिरा कमी व्हावा, हा हेतू रास्त आहे. पण रिटर्न भरण्यातली सूट आणि बाहेर पडायचा दुसरा दरवाजा ठेवण्यातली सूट एकाच आकड्याने देता येत नाही. आग लागली की ती मस्टर पाहून पसरत नाही.

म्हणून मला वाटते, तोल आकड्यात शोधणेच चूक आहे. तो एका वेगळ्या कसोटीवर तपासावा लागेल : दोघांनाही ‘नाही’ म्हणता येते का, आणि त्या नकाराची किंमत कोण मोजतो?

हा विचार आपल्याकडे जुना आहे. १९३८ साली खेर मंत्रिमंडळाने मुंबई विधानसभेत औद्योगिक विवाद विधेयक आणले. तडजोडीची बोलणी पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा ठरणार होता. औद्योगिक शांततेसाठी हे हवेच, असे सरकारचे म्हणणे. स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाकावरून डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. नोकरीचा करार मोडणे ही फार तर दिवाणी बाब आहे; तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव, असा त्यांचा युक्तिवाद होता. विधेयक मंजूर झाले. ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संपही झाला. पुढे १९४२ पासून हेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगार, मालक आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्या काळात रुजली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ज्यांनी १९५० साली औरंगाबाद शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्यांनी कामगाराचा प्रश्न विरोधी बाकावरून लढवला होता आणि सरकारी खुर्चीतून हाताळलाही होता.

१९७८ साली जनता सरकारचे मजूरमंत्री रवींद्र वर्मा यांनी औद्योगिक संबंध विधेयक मांडले. कामगार संघटनांनी झेंड्यांचे रंग विसरून विरोध केला आणि ते विधेयक बारगळले. पुढे याच वर्मांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने २००२ साली कायद्यांचे गट करून ते एकत्र आणण्याची शिफारस केली. आजच्या संहितांचे मूळ तिथे आहे.

२०२० मध्ये मात्र वेगळेच घडले. चारपैकी तीन संहिता १९ सप्टेंबरला मांडल्या गेल्या, २२ ला लोकसभेत आणि २३ ला राज्यसभेत मंजूर झाल्या. शेती विधेयकांवरच्या गोंधळानंतर विरोधकांनी बहिष्कार घातला होता. प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस, तडजोड चालू असताना संप नाही : १९३८ चा वाद जसाच्या तसा परत आला होता. नोटिशीचे बंधन सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरते ठेवा, असे संसदीय स्थायी समितीने सुचवले होते. सभागृहात त्यावर झुंजायला समोरचा बाक रिकामा. सत्ताधाऱ्यांनी घाई केली आणि विरोधकांनी मैदान सोडले. कामगाराच्या वाट्याला दोन्ही आले. त्रिपक्षीय परिषदेचे ४६ वे अधिवेशन २०१५ च्या जुलैत भरले होते. चारही संहिता मंजूर होईपर्यंत पुढचे भरले नाही.

२०२० मध्येच, संहिता मंजूर होण्याच्या दोन-अडीच महिने आधी, वाळूज करोनाने हैराण होते. बजाजच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक जण बाधित झाल्याचे सांगत युनियनने काही दिवस काम थांबवण्याची मागणी केली. कारखाना थांबला की मागची सगळी साखळी थांबते, ही उद्योगाची अडचण खोटी नव्हती. जीव धोक्यात घालायचा की पगार सोडायचा, ही कामगाराची अडचणही खोटी नव्हती. जिल्हा प्रशासनाने १० जुलैपासून टाळेबंदी लावली, तेव्हा कुठे गाडी थांबली. युनियन होती म्हणून निदान मागणी तरी झाली. व्हेंडरकडच्या कंत्राटी पोराने कोणाकडे मागायचे?

मग करायचे काय? हक्क आस्थापनेच्या आकाराला न बांधता माणसाला बांधावेत. किमान वेतन सर्वांना आणि नेमणूकपत्र प्रत्येकाला, या नव्या संहितांतल्या तरतुदी त्याच दिशेच्या आहेत आणि त्यांचे स्वागत केले पाहिजे. मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी, हेही चांगलेच. सुरक्षेलाही हाच नियम हवा. तिथे किमान संख्या असूच नये. बदल्यात उद्योजकालाही ‘ऑर्डर नाही, माणसे कमी करावी लागतील’ असे उघड म्हणता यावे, मंत्रालयात खेटे न घालता. डेन्मार्कमध्ये कामावरून कमी करणे तुलनेने सोपे आहे, कारण बेकारभत्ता भक्कम आहे आणि नवे काम शिकवायची व्यवस्था आहे. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल योजना नोकरी गेलेल्याला निम्मा पगार देते, पण ९० दिवसांपुरता आणि विमा असलेल्यालाच. कपातीच्या वेळी १५ दिवसांच्या पगाराएवढा पुनर्कौशल्य निधी नव्या संहितेत आहे. पंधरा दिवसांत नवे काय शिकणार? अर्धी वाट आपण चाललो आहोत, पण उद्योगाला दिलेली अर्धी आधी अमलात येते, कामगाराची मागून.

शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत आता नवे कारखाने येत आहेत. त्यांना माणसे लागतील, पाळ्या लागतील, लवचिकताही लागेल. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. अट चांगली आहे. पण बारा तासांना नकार देणाऱ्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी गेटवर घेतील की नाही, याचे उत्तर कायद्यात नसेल, तर त्या सहीला संमती म्हणता येणार नाही. विधिमंडळात आणि संसदेत आपल्या प्रतिनिधींनी आकड्यावर भांडण्याऐवजी एवढा एकच प्रश्न लावून धरावा : नाही म्हणणाऱ्याचे पुढे काय होते? त्याचे उत्तर लिहून काढणे म्हणजेच कायदा करणे.