मांजराची नखे आणि माणसाची सोय

घाटकोपरच्या आमच्या एका स्नेह्यांनी नवा सोफा घेतला आणि आठवड्याच्या आतच घरच्या मांजरीने त्याचे कापड ओरबाडून काढले. "हिची नखे कायमची काढून टाकता येत नाहीत काय?" असे त्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न सहज होता. उत्तर तितके सहज नाही.

'नखे काढणे' या शब्दांनी आपली फसगत होते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते. ते पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच पेऱ्यापासून छाटावे लागते. पुढच्या दोन पंजांची मिळून अशी दहा पेरी जातात. म्हणूनच १९८७ च्या युरोपीय कराराने या क्रियेचा निषेध केला आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली, उपचाराचा अपवाद ठेवून, ती बंद केली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या आपल्या १९६० च्या कायद्यात मांजराच्या नखांचा उल्लेख नाही; तथापि अकराव्या कलमाने प्राण्याचा अंगच्छेद हा अपराध ठरविला आहे. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे व वेसण घालणे यांस त्याच कलमात विहित रीतीपुरती मोकळीक आहे. त्या यादीत मांजराचा पंजा नाही. मात्र पहिल्या अपराधास या कायद्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये! सोफ्याचे अस्तरही तेवढ्यात येत नाही.

कोणी म्हणेल, मग मांजराची नसबंदी तरी आपण का करवितो? शस्त्र दोहोंकडे आहे खरे. परंतु नसबंदीने रस्त्यावर उपाशी मरणारी पिले टळतात, म्हणजे तिचा काही लाभ मांजरजातीस पोचतो. पेरी छाटण्याचा लाभ केवळ लाकडास आणि कापडास. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: नखे काढू न दिली, तर लोक मांजरच घराबाहेर टाकतील. परंतु जो एका खुर्चीसाठी मुक्या जिवास रस्त्यावर टाकील, त्याच्याच हाती कायद्याने सुरी द्यावी, हा कोठला न्याय?

अंधेरी-बोरिवलीच्या सदनिकांत खिडक्यांस जाळ्या लावून आपण मांजरास झाडापासून आणि मातीपासून तोडले. त्याच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यही असेल; पण मग ओरबाडावयास त्यास सोफ्यावाचून उरले काय? काथ्याचा दोर गुंडाळलेला एक खांब आणि वेळच्या वेळी नखांची टोके कापणे, एवढ्यावर पुष्कळ निभावते.

आपण मांजर 'पाळतो' म्हणतो आणि वचनही 'पाळतो'च म्हणतो. दोन्ही ठिकाणी थोडी गैरसोय सोसावी लागते. ती सोसण्याची तयारी नसेल, तर मांजर घरी न आणणे हेच अधिक प्रामाणिकपणाचे होय.