गाण्याचा सातबारा

वऱ्हाडात गाणाऱ्याला मान भरपूर मिळतो. खंजिरी भजन असो, भीमजयंतीची कव्वाली असो की अमरावतीच्या सभागृहातली गझलेची मैफल, ऐकणारा रात्र जागवतो, शाल-श्रीफळ देतो, हाताला धरून घरी जेवायला नेतो. पैशाची गोष्ट निघाली की मात्र सगळेच इकडेतिकडे पाहू लागतात. बिदागीचं पाकीट न मोजता खिशात घालायचं, हा आपल्याकडचा संस्कार. ज्याने मोजलं, तो धंद्याला लागला.

या समजुतीने आपल्या गायकांचं आणि गीतकारांचं पिढ्यान्‌पिढ्या नुकसान केलं आहे, आणि आज जी मुलं मोबाइलवर बीट लावून गाणी रचत आहेत त्यांचंही ती करणार आहे. गायकाने धंदा करावा आणि उजळ माथ्याने करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण टी-शर्ट, यूट्यूब चॅनल, स्टुडिओ हे सगळं नंतरचं. आधी आपल्या गाण्याचा सातबारा आपल्या नावावर आहे की नाही, ते पाहावं.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१०० आरबीएच’ या नावाने रॅप करतो. २०२३ मध्ये ‘एमटीव्ही हसल’च्या तिसऱ्या पर्वात तो देशभर ऐकला गेला. जातीबद्दल, बाबासाहेबांबद्दल, रस्त्यावरच्या माणसाबद्दल तो थेट बोलतो. मुंबईच्या कुठल्या स्टुडिओने घडवलेला हा आवाज नाही. शाहिरी आणि आंबेडकरी जलशांची जी परंपरा वस्त्यावस्त्यांतून गाजत आली, तिच्याच नात्यातला तो आहे. वाद्यं बदलली, ठेका बदलला, पण आपलं गाणं आपण करू, कुणाची परवानगी घेणार नाही, ही रग तीच.

इंग्लंडातल्या पंक संगीताचा जन्मही याच रगेतून झाला. १९७६ च्या डिसेंबरात बझकॉक्स नावाच्या चार पोरांच्या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या लेबलवर तबकडी काढली. पहिल्या १,००० प्रती हातोहात गेल्या, पुढे ती हजारोंनी खपली. चालीला गोड आणि बोलायला रोखठोक अशा ज्या संगीताला आता पॉप-पंक म्हणतात, त्याच्या आरंभीच्या बँडमध्ये या पोरांचं नाव घेतात. त्यांचं गाव मँचेस्टर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस बंद झाला, तेव्हा ज्या गिरण्यांसाठी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या याच मँचेस्टरच्या आसपासच्या. सरकी काढून गठाणी बांधायच्या आणि बाहेर पाठवायच्या, कापडाचा नफा दुसऱ्याने घ्यायचा, हे वऱ्हाडाने तेव्हापासून सोसलं आहे. आपल्या गाण्याच्या बाबतीतही तेच चालू राहावं, हे मला पटत नाही.

पॉप-पंकमध्ये धंद्याचा सर्वांत मोठा पसारा मांडणाऱ्यांत टॉम डीलाँग येतो. त्याचं आयुष्य आपल्या पोरांनी नीट वाचण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातल्या पोवे या गावचा हा मुलगा १९७५ मध्ये जन्मला. १९९२ मध्ये मार्क हॉपस आणि स्कॉट रेनर यांच्यासोबत त्याने ब्लिंक-१८२ हा बँड उभा केला. १९९९ चा त्यांचा अल्बम जगभर दीड कोटीच्या आसपास खपला. ऐन भरात असताना डीलाँग आणि हॉपस यांनी कपड्यांकडे मोर्चा वळवला. त्यांची गाणी ऐकणारी पोरं ज्या प्रकारचे सदरे आणि बूट घालत, तेच आपण विकावे, हा साधा हिशोब. २००१ मध्ये अ‍ॅटिकस हा कपड्यांचा ब्रँड आला, पाठोपाठ मॅकबेथ हे बूट. २००५ मध्ये बँड थांबला, तेव्हा डीलाँगने एंजल्स अँड एअरवेव्हज हा दुसरा बँड काढला. पुढे मॉडलाइफ नावाचा मंचही उभा केला. कलावंताने कंपनीला मधे न घेता थेट आपल्या चाहत्यांना वर्गणीदार करावं, हा त्यामागचा विचार. २०१० च्या १४ फेब्रुवारीला त्याने आपल्या नव्या बँडचा अख्खा अल्बम याच मार्गाने फुकट वाटला. गाणं फुकट, सोबतच्या गोष्टी विकत, हा प्रयोग तेव्हा धाडसाचाच होता.

यानंतरचा टप्पा तर कादंबरीत शोभावा असा. लहानपणापासून त्याला उडत्या तबकड्यांचं वेड. २०१७ मध्ये त्याने ‘टू द स्टार्स अकादमी’ ही कंपनी काढली, माजी गुप्तचर अधिकारी आणि शास्त्रज्ञ जमवले, आणि सामान्य माणसांना तिचे शेअर विकले. अमेरिकी नौदलाच्या विमानांनी टिपलेल्या, ओळख न पटलेल्या वस्तूंच्या चित्रफिती या कंपनीने लोकांपुढे आणल्या. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्या तीन चित्रफिती अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या. तोवर लोकांनी त्याला वेडा ठरवलं होतं. एवढं होऊनही कंपनीची आर्थिक गाडी काही रुळावर आली नाही.

त्याच २०२० च्या सुरुवातीला डीलाँगने आपल्या दीडशेहून अधिक गाण्यांचे हक्क लंडनच्या हिप्नोसिस या गीत-गुंतवणूक कंपनीला विकले. बूट, सदरे, संकेतस्थळं, अवकाशयानाची स्वप्नं असा वीस वर्षांचा खटाटोप झाला, पण बाजारात ज्याला भक्कम किंमत आली ती विशीत-पंचविशीत मित्रांसोबत बसून रचलेली गाणी. तीही विकता आली ती त्यांच्यावर त्याचं नाव लिहिलेलं होतं म्हणून. पुढे हॉपसला कर्करोग झाला, जुने मित्र पुन्हा जवळ आले, ऑक्टोबर २०२२ मध्ये डीलाँग बँडमध्ये परतला आणि वर्षभराने नवा अल्बम आला. त्याने हक्क विकले ते बरोबर की चूक, यावर मतभेद होऊ शकतात. मी त्याच्या जागी असतो तर विकले नसते. पण विकायचे की ठेवायचे हे ठरवण्याची मुभा त्याला होती, आणि आपल्याकडच्या बहुतेकांना ती कधी मिळालीच नाही.

धंद्याच्या उडीत कर्ज अंगावर येणं हे काही अमेरिकेतच घडतं असं नाही. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला लोकाश्रयावर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या दरबारात आर्जवं करण्यापेक्षा तिकीट लावून जलसा करावा, ही त्यांची भूमिका. पुस्तकं छापली, नोटेशन छापलं, संगीत शिकवणं हाच प्रतिष्ठेचा व्यवसाय केला. मग मुंबईत कर्ज काढून इमारत बांधली आणि १९२४ मध्ये ती कर्जापायी लिलावात गेली. पलुस्करांची शिकवण आज देशभर आहे, पण त्या इमारतीचं दुःख त्यांना शेवटपर्यंत पुरलं असणार. विटा-मातीच्या मागे लागताना कलावंताने दहादा विचार करावा, हे त्यांच्या उदाहरणावरून मला वाटतं.

आपल्याच मातीत याहून वेगळा मार्ग दिसतो. यावलीचे तुकडोजी महाराज हे संत होते, तसे विलक्षण ताकदीचे गायकही होते. एका खंजिरीवर त्यांनी हजारोंची सभा खिळवून ठेवली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभं राहिलं, आणि भजनं, मासिक, ग्रामगीता गावोगाव पोचवण्याचं काम त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाने अंगावर घेतलं. शब्द लोकांपर्यंत नेण्याची साधनं मोझरीतच राहिली. गाडगेबाबांचंही तसंच. कीर्तनातून उभा राहिलेला पैसा धर्मशाळांत गेला आणि धर्मशाळा विश्वस्तांच्या हाती गेल्या. घरच्यांच्या नावावर त्यांनी काही ठेवलं नाही, पण वाऱ्यावरही काही सोडलं नाही. या दोघांचं नाव घेऊन ‘कलावंताने पैशाचं बोलू नये’ असं सांगणाऱ्यांनी त्यांचा व्यवहार पाहिलेलाच नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढलं आणि पुढे स्वतःचा छापखाना उभारला. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपला आवाज किती दिवस चालेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बंडखोर गाणं धंद्याने बोथट होतं, अशी भीती बरेच जण घालतात. मला उलटं वाटतं. ज्याच्या गाण्याची मालकी दुसऱ्याकडे आहे, त्याला गप्प करणं सोपं असतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गाण्याचा मालक निर्माता. अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं ‘अरे संसार संसार’ या १९८१ च्या चित्रपटात आलं, ते याच कायद्याच्या काळात. कॅसेटचा जमाना आला तेव्हा भीमगीतं आणि लोकगीतं गाणाऱ्या कितीतरी जणांनी एकरकमी पैसे घेऊन सही केली. कॅसेट लाखांनी खपली तरी त्यांच्या हाती पुढे काही आलं नाही.

२०१२ मध्ये कायदा बदलला. चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याचे हक्क कंपनीला दिले, तरी चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडल्यास गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला निम्मा वाटा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. तो सोडून देण्याचा करार केला तरी तो टिकत नाही. गायकालाही त्याच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते संपतात. एवढ्या गोष्टी आपल्या प्रत्येक रॅपरला, गझलकाराला, भजनी मंडळाच्या बुवाला पाठ असायला हव्यात. रॅपर तर स्वतःच लिहितो आणि स्वतःच म्हणतो, त्यामुळे त्याचा हक्क दुहेरी आहे.

एक बाजू मात्र गैरसोयीची आहे. लग्नात, वरातीत आणि लग्नाच्या इतर समारंभात गाणं वाजवणं हा कायद्याने कॉपीराइटचा भंग नाही. वऱ्हाडात गाणी सर्वांत जास्त कुठे वाजतात? लग्नातच, बँडवर, संदलवर, डीजेवर. म्हणजे जिथे गाणं खरोखर गाजतं, तिथून मालकाला काही येणार नाही. पैसा येणार तो स्ट्रीमिंगमधून, रेडिओ-टीव्हीवरून, जाहिरातीतून, चित्रपटातून, तिकीट लावलेल्या कार्यक्रमातून. आणि तो येण्यासाठी गाण्यावर कुणाचं नाव आहे हे कुठेतरी नोंदलेलं लागतं. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, गायकांची वेगळी संस्था २०१३ पासून. तिथे नाव नसेल तर तुमच्या वाट्याचा पैसा तुमच्यापर्यंत पोचण्याचा रस्ताच उरत नाही.

मालकी किती वर्षं पुरते, याचं उदाहरण वऱ्हाडाने डोळ्यांनी पाहिलं आहे. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी बांधली गेली. देश स्वतंत्र झाला, गाडी भारतीय रेल्वे चालवू लागली, पण रूळ खासगी कंपनीच्या मालकीचे राहिले आणि त्या कंपनीला त्याचा मोबदला दशकानुदशकं मिळत गेला. गाण्याचा हक्क ते रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, त्यांच्या रचना २०२८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांच्या गझला २०६३ अखेरपर्यंत. महाराष्ट्रभर हजारो गीतं पेरून २००४ मध्ये गेलेल्या वामनदादा कर्डकांची गीतं २०६४ अखेरपर्यंत. ज्या घरात अशी गाणी जन्मली, त्या घराला तेवढी वर्षं आधार मिळू शकतो, कागद जपून ठेवलेले असतील तर.

आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांनी गझल गाता गाता ‘गझल सागर प्रतिष्ठान’ उभं केलं आणि गावोगाव गझल संमेलनं भरवली. एकट्या गायकाने संस्था उभी करून आपल्या कलेला घर द्यावं, हे वऱ्हाडात घडलेलं आहे. आता तसंच एक घर या नव्या मुलांसाठी हवं. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाने आणि अकोल्याच्या महाविद्यालयांनी आपल्या स्नेहसंमेलनांत रॅपची स्पर्धा जरूर भरवावी, पण एखादा दिवस वकिलालाही बोलवावं आणि मुलांकडून करार वाचून घ्यावा.

आणि गाणाऱ्या मुलांनो, पुढचं गाणं ध्वनिमुद्रित करण्याआधी एक कागद घ्या. शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट कुणाची, आवाज कुणाचा, आणि प्रत्येकाचा वाटा किती, हे लिहा. सगळ्यांनी सह्या करा, तारीख टाका, त्याचा फोटो काढून प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. मित्र आहोत म्हणून हे टाळू नका. मैत्री टिकावी असं वाटत असेल, तर हे आधी करा.