नीट करून सांग

कोरमंगल्यात शेजारच्या काकूंच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. डॉक्टरांना मराठी येत नाही, दुभाषी मी. बोलताना तो मध्येच भलत्याच विषयावर जातो. काकू कुजबुजतात, ‘जरा नीट करून सांग गं.’ पण विचारांची तुटलेली साखळी हे या आजाराचंच एक लक्षण. मी ती सांधली, तर डॉक्टर औषध कशावरून ठरवणार? उलट, ‘पोटात गोळा आला’ हे शब्दशः सांगितलं, तर साधी भीती भ्रम ठरेल. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. त्याचं ऐकतानाही तीच काळजी हवी. म्हणून तुटलेलं मी तुटकच सांगते, वाक्प्रचाराचा अर्थ सांगते, आणि शंका आली तर आधी त्यालाच विचारते. काकूंचा संकोच मला कळतो. पण बोलणं त्याचं आहे.